जळाली की जाळली?

आमच्या गेल्या शिबिरात प्रत्येकीच्या हातात एक कागद देण्यात आला. कोणी दिला हे मला माहीत आहे, पण त्या माझ्या जुन्या मैत्रिणी आहेत, म्हणून नाव घेत नाही. (बघा, करणाऱ्याचं नाव कसं गाळायचं ते मलाही येतं!) विषय होता, बातमी कशी वाचावी आणि निवेदन कसं लिहावं. कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजेच कर्मणी प्रयोग, टाळा. तो गुन्हेगाराला लपवतो.' खाली टाळायच्या वाक्यांची यादी होती :

विवाहिता स्टोव्हच्या भडक्यात जळाली.
तरुणीवर अत्याचार झाला.
सून विहिरीत पडली.
चौदा वर्षांच्या मुलीचं लग्न झालं.
मजूर बाईची पिशवी काढण्यात आली.
आरोपीला सोडून देण्यात आलं.

मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सवयीने हात वर केला आणि म्हटलं, "यातली पहिली चार वाक्यं पॅसिव्ह नाहीतच." सगळ्या हसल्या. एकजण म्हणाली, "बाई, शाळा सुटली आता! मुद्दा कळला ना? मग झालं."

नाही झालं. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सांगते. बायकांवर हात टाकणाऱ्याला भाषा लपवते, हे आपण चळवळीत बरोबर ओळखलं. पण लपवणारा कोण हे ओळखताना चुकलो. आपण पॅसिव्हच्या मागे काठी घेऊन धावतो आणि खरा लपवणारा शेजारून सभ्यपणे निघून जातो. त्याचं नाव अकर्मक क्रियापद. ही मास्तरकीची बारीकसारीक चूक नाही. या चुकीपायी एका बाईचा जबाब माझ्याच हातून बिघडणार होता. ते पुढे सांगते. आधी थोडा फळ्यावरचा धडा. कंटाळा करू नका, दहावीला एक-दोन मार्कांसाठी आपण सगळ्यांनीच 'चेंज द व्हॉइस' केलेलं आहे.

फळ्यावरचा धडा

विहिरीत एक बाई मेलेली सापडली. इंग्रजीत ही गोष्ट तीन तऱ्हांनी सांगता येते.

पहिली : 'ही ड्राउन्ड हर.' त्याने तिला बुडवलं. करणारा आहे, जिला केलं ती आहे. हा ॲक्टिव्ह.

दुसरी : 'शी वॉज ड्राउन्ड.' ती बुडवली गेली. ती पुढे आली, करणारा मागे गेला. पण गेला म्हणजे नाहीसा झाला नाही. वाक्याच्या शेवटी 'बाय' लावून त्याला परत आणता येतं. हा पॅसिव्ह.

तिसरी : 'शी ड्राउन्ड.' ती बुडाली. इथे दुसरं कोणी नाहीच. क्रिया तिच्यापाशी सुरू झाली आणि तिच्यापाशीच संपली. हे अकर्मक, म्हणजे इनट्रान्झिटिव्ह.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात फरक एका 'वॉज'चा आहे. पण आजच्या इंग्रजीत त्या एका 'वॉज'ने अपघाताचा खून होतो. बर्न, ब्रेक, सिंक, ओपन, ड्राउन अशी बरीच इंग्रजी क्रियापदं एकाच रूपात दोन्हीकडे चालतात, म्हणून तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

माझ्या वर्गातली पोरं दर वर्षी एक चूक हमखास करायची : 'शी वॉज डाइड.' मी लाल शाईने खोडायची. डाय हे क्रियापद अकर्मक, त्याला कर्म नाही, आणि ज्याला कर्म नाही त्याचा पॅसिव्ह होत नाही. उलट, वॉज दिसलं की पॅसिव्ह, असंही नाही. 'शी वॉज डेड' हा पॅसिव्ह नव्हे, ती मेलेली होती एवढीच स्थिती तो सांगतो. 'शी वॉज क्राइंग' हाही नव्हे.

मग ओळखायचं कसं? मी पोरांना शिकवलेली परीक्षा साधी होती. क्रियापद तसंच ठेवा, त्याला हात लावू नका, आणि 'कोणी?' असा प्रश्न विचारा. 'ती बुडवली गेली.' कोणी बुडवली? प्रश्न नीट बसला. 'ती बुडाली.' कोणी बुडाली? हे मराठीच होत नाही! 'कोण बुडालं' एवढंच विचारता येतं आणि त्याचं उत्तर एकच मिळतं : तीच. 'कोणी' विचारायचं तर आधी क्रियापद बदलावं लागतं. जिथे 'कोणी' बसतं तिथे करणाऱ्याची जागा आहे. जिथे बसत नाही तिथे ती जागाच नाही.

आता मराठीचं बघू. कागदावर 'पॅसिव्ह म्हणजेच कर्मणी' असं लिहिलं होतं, तेही चूक. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण छापलं, १९११ साली मोरो केशव दामल्यांचं मोठं व्याकरण आलं, तेव्हापासून शाळाशाळांतून आपण कर्तरी, कर्मणी, भावे घोकत आलो. 'नवऱ्याने बायको मारली' हा मराठीतला चोख कर्मणी प्रयोग आहे, कारण 'मारली' हे रूप बायकोप्रमाणे चालतं. पण त्यात लपलंय काय? नवरा तर वाक्याच्या तोंडाशीच उभा आहे! इंग्रजीच्या पॅसिव्हशी जुळतं ते 'बायको मारली गेली' किंवा 'बायकोला मारण्यात आलं'. मराठीत 'कर्मणी टाळा' म्हटलं, तर 'नवऱ्याने बायको मारली' हे सगळ्यांत स्पष्ट वाक्यच टाळावं लागेल.

आणि अकर्मक? ते मराठीत इतकं घरचं आहे की दिसतसुद्धा नाही. मरणं आणि मारणं, पडणं आणि पाडणं, तुटणं आणि तोडणं, फुटणं आणि फोडणं, सुटणं आणि सोडणं, बुडणं आणि बुडवणं, फसणं आणि फसवणं, घडणं आणि घडवणं. आपल्या भाषेने जोड्या लावूनच ठेवल्यात. प्रत्येक जोडीतलं पहिलं आपोआप होतं, दुसरं कोणीतरी करतं.

आता हे दोन शब्द कागदावर लिहून बघा : जळाली. जाळली. अक्षरं तीच. ज, ळ, ली आणि एक काना. पहिल्या शब्दात तो काना ळ-ला लागलाय, दुसऱ्यात ज-ला. एक काना एक घर पुढे सरकला की एक माणूस सुटतो. आपल्या भाषेत निर्दोष सुटायला इतकीच शाई लागते.

आणि 'भाजली' हा शब्द तर इंग्रजीतल्या बर्नचा सख्खा भाऊ. पोळी भाजली, म्हणजे मी भाजली. सून भाजली, म्हणजे? दवाखान्याच्या कागदावर 'ऐंशी टक्के भाजली' असं लिहितात, तेव्हा ती आपोआप भाजली की पोळीसारखी कोणी भाजली, हे त्या शब्दातून कळतच नाही.

पाट मांडलेला आणि न मांडलेला

पॅसिव्ह आणि अकर्मक दोन्ही करणाऱ्याला दाखवत नाहीत, मग भेद कशाला, असं काहीजणींना वाटेल. भेद आहे. पॅसिव्ह म्हणजे पंगतीत पाट मांडलाय, ताट वाढलंय, फक्त माणूस उठून गेलाय. येणाराजाणारा कोणीही विचारील, इथे कोण बसलं होतं? अकर्मकात पाटच मांडलेला नसतो. विचारणारा विचारणार कशाबद्दल?

'आरोपीला सोडून देण्यात आलं' हे वाक्य वाचून आपल्याला राग येतो. का येतो? कारण 'कोणी सोडलं?' हा प्रश्न त्या वाक्यातूनच उठतो. पॅसिव्ह लपवतो खरा, पण लपवलंय हे तो सांगतो. 'सून विहिरीत पडली' हे वाक्य वाचून राग येत नाही, वाईट वाटतं. राग आणि वाईट वाटणं यांतलं अंतर आपल्या चळवळीतल्या बायांना मी काय सांगायचं? रागातून मोर्चा निघतो. वाईट वाटून माणूस पेपरचं पान उलटतो.

आता माझी चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटाकडे एका भाजलेल्या बाईचं प्रकरण आलं होतं. ती वाचली नाही. तिच्या मराठी जबाबाचं इंग्रजी करून वकिलांना द्यायचं होतं आणि इंग्रजीची बाई म्हणून ते माझ्याकडे आलं. जबाबात एक वाक्य होतं : 'अंगावर रॉकेल ओतलं, पेटवलं.' कोणी, ते तिने आधीच्या उत्तरात सांगितलेलं होतं. मराठीत एकदा सांगितलेलं माणूस दर वाक्याला सांगत नाही.

या वाक्याचं सरळ इंग्रजी पॅसिव्हमध्ये होतं : 'केरोसीन वॉज पोअर्ड ऑन मी.' पण मीही तेव्हा ऐकून होते ना, की पॅसिव्ह कमजोर असतो, पॅसिव्ह टाळावा, वाक्य ॲक्टिव्ह करावं! म्हणून मी ते सुधारलं. लिहिलं : 'केरोसीन फेल ऑन मी अँड आय बर्न्ट.' वाक्य छोटं झालं, ठसठशीत झालं, आणि व्याकरणाने ॲक्टिव्हच झालं. अकर्मक वाक्य ॲक्टिव्हच असतं, हीच तर मेख आहे. 'ॲक्टिव्हमध्ये लिहा' या सल्ल्याचं पालन 'ती पडली, ती जळाली' असं लिहूनही होतं आणि कोणी बोट दाखवू शकत नाही.

संध्याकाळी गटात बसून मी माझं इंग्रजी पुन्हा मराठीत करून वाचून दाखवत होते : 'माझ्या अंगावर रॉकेल पडलं आणि मी जळाले.' आमच्यात एक मावशी होत्या. चौथी शिकलेल्या, तरुणपणी नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या. इंग्रजीचा गंध नाही. त्या म्हणाल्या, "बाई, ती वतलं म्हनली व्हती. पडलं न्हाई म्हनली. तुमच्या इंग्रजीत वतनारा कुठं गेला?"

सत्तावीस वर्षांच्या माझ्या नोकरीत कुठल्या इन्स्पेक्टरने मला इतकं उघडं पाडलं नव्हतं. कागद वकिलांकडे जायच्या आत मी दुरुस्त केला. पण तेव्हापासून एक विचार मनातून जात नाही. ही एक चूक सापडली कारण मावशी समोर बसल्या होत्या. ज्या कागदांसमोर मावशी बसलेल्या नव्हत्या त्यांचं काय झालं असेल? जबाब मराठीत, भाषांतर इंग्रजीत, वरच्या कोर्टात वाचतात ते इंग्रजी.

खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या नागपूरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सांगून ठेवलंय, की मृत्युपूर्व जबाब खरा आणि विश्वासार्ह वाटला तर केवळ त्यावर शिक्षा होऊ शकते, आणि तो प्रश्नोत्तरांत, शक्यतो सांगणाऱ्याच्याच शब्दांत नोंदलेला असला तर त्याचं वजन जास्त. सांगणाऱ्याच्याच शब्दांत! 'ओतलं' म्हणाली असेल तर 'ओतलं'. 'सांडलं' नाही, 'पडलं' नाही. मरणाऱ्या बाईची शेवटची मिळकत ते क्रियापद असतं. ते तरी तिचं तिच्याकडे राहू द्या.

'जळाली' हे तटस्थ नाही

आमच्या ओळखीतले एक पत्रकार म्हणतात, "बाई, खटला उभा राहिलेला नाही, गुन्हा शाबीत नाही, आणि 'नवऱ्याने जाळली' असं आम्ही कसं छापायचं? उद्या नोटीस येईल. म्हणून आम्ही तटस्थ लिहितो : जळाली."

त्यांची अडचण खरी आहे. शाबीत व्हायच्या आधी कोणाला खुनी म्हणू नये, हे तत्त्व आपल्यालाही मान्यच असायला हवं. उद्या आपल्याच कार्यकर्तीवर खोटी केस झाली तर तेच तत्त्व आपल्याला वाचवेल. पण 'जळाली' तटस्थ आहे, हे मात्र मला मान्य नाही. 'जाळली' म्हणणं म्हणजे तपासाआधी शिक्षा. मग 'जळाली' म्हणणं म्हणजे काय? तपासाआधी सुटका. दोन्ही निकालच आहेत. एक आपल्याला निकाल वाटतो आणि दुसरा वाटत नाही, कारण दुसऱ्याची सवय झाली आहे.

तटस्थ लिहायचं तर मराठी काही इतकी गरीब नाही. 'विवाहितेचा मृतदेह जळालेल्या अवस्थेत सापडला. तिला जाळल्याची तक्रार भावाने दिली. अपघात असल्याचं सासरचे सांगतात.' तीन वाक्यं. प्रत्येक वाक्यात कोण काय म्हणतं ते आहे, कोणाला फाशी नाही, कोणाला माफी नाही.

करणाऱ्याचा शोध घेणारं क्रियापद किती महत्त्वाचं, हे महाराष्ट्राने एका मोठ्या खटल्यात पाहिलंय. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा विषाने गेली. विष दिलं की घेतलं, या दोन क्रियापदांवर तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खालच्या दोन्ही कोर्टांनी दिलेली शिक्षा १९८४ साली रद्द झाली. आत्महत्येची शक्यता पुराव्यांवरून नाकारता येत नाही म्हणून संशयाचा फायदा मिळाला आणि आरोपी सुटले. निकालाबद्दल तेव्हा बायका अस्वस्थ झाल्या, पण निदान प्रश्न विचारला गेला. 'विषाने गेली' एवढ्यावर ती फाइल मिटली नाही.

आणि कायद्याचं व्याकरण बघा. हुंडाबळीचं कलम ३०४ ब हे १९८६ साली दंडविधानात घालण्यात आलं. (कोणी घातलं? संसदेने. आणि संसदेला कोणी भाग पाडलं? रस्त्यावर उतरलेल्या बायांनी.) १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८० म्हणून आहे. त्याचा आशय असा : लग्नापासून सात वर्षांच्या आत बाईचा मृत्यू भाजून किंवा इजा होऊन घडवला गेला असेल, किंवा नेहमीच्या नसलेल्या परिस्थितीत नुसता घडला असेल, आणि मरणाच्या थोडंच आधी हुंड्यापायी नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी तिचा छळ केल्याचं दिसून आलं, तर त्यांनीच तो मृत्यू घडवून आणला असं मानलं जाईल.

हे कलम पुन्हा वाचा. 'घडवला गेला' हा पॅसिव्ह. 'घडला' हे अकर्मक. आणि शेवटी 'त्यांनी घडवून आणला', समोर कर्ता, नावासकट. ज्या घरात चार भिंतींआड बाई मरते तिथे 'घडला' याच्या पलीकडे पुरावा मिळणं कठीण, हे कायद्याने ओळखलं आणि 'घडला'वरून 'घडवला'कडे जायचा रस्ता बांधून दिला. पॅसिव्ह आणि अकर्मक यांतला भेद कायदा करणाऱ्यांना कळला होता. आपल्याला कळायला नको?

आपल्या जिल्ह्यातली क्रियापदं

आता घराजवळ या. दसरा-दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. निघायच्या आधी घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : 'पोरीचं लग्न झालं.' चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न होतं कसं? पाऊस होतो, संध्याकाळ होते, तसं लग्न होतं? लग्न लावतात. ठरवणारा असतो, लावणारा असतो, मांडवात जेवणारे असतात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने शिक्षा सांगितली आहे ती लग्न लावणाऱ्याला, ते होऊ देणाऱ्या पालकांना. त्या कायद्यात 'लग्न झालं' या वाक्याला जागाच नाही. गावात मात्र तेवढं एकच वाक्य आहे.

पिशवीचंही तसंच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुमारे ८२ हजार बायांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली आढळली. आमच्या भागातल्या बायांशी बोलायला गेलं की त्या म्हणतात, "पिशवी काढली." हे वाक्य मला आशेचं वाटतं. काढणं हे सकर्मक आहे, पाट मांडलेला आहे, विचारता येतं : कोणी काढली? कोणी सांगितलं काढायला? खाडा पडला की कोणी पैसे कापत होतं? पण त्याच बाईचा रिपोर्ट लिहिताना आम्ही शहाण्या लिहितो, 'महिलांमध्ये गर्भाशय गमावण्याचं प्रमाण वाढलं.' प्रमाण वाढलं! बाई 'काढली' म्हणते आणि आपण 'वाढलं' लिहितो. कोण कोणाला शिकवतंय?

आपल्या जिल्ह्याला 'कोणी' हा प्रश्न विचारता येत नाही असं मात्र नाही. १ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत पोलिसांनी उपोषणाच्या जागी लाठ्या चालवल्या, तेव्हा 'लाठीमार झाला' एवढ्यावर कोणाचं समाधान झालं नाही. आदेश कोणी दिला, हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राने विचारला. तो प्रश्न योग्यच होता. माझं एवढंच मागणं आहे, की तोच प्रश्न विहिरीच्या काठावरही विचारा.

समुपदेशन केंद्रात येणारे नवरेही व्याकरण चांगलं जाणतात. सगळ्यांत कोडगा म्हणतो, "हात उठला." जणू हात हा वेगळा प्राणी आहे आणि तो आपला आपण उठला. थोडी लाज असलेला म्हणतो, "माझ्याकडून हात उचलला गेला." इथे तो निदान वाक्यात आला, चोरपावलांनी का होईना. आणि महिना-दोन महिने बोलल्यावर एखादा म्हणतो, "मी हात उचलला." 'उठला'पासून 'उचलला गेला', आणि तिथून 'मी उचलला', एवढा रस्ता चालवून आणणं हेच आमचं समुपदेशन. मधली पायरी पॅसिव्हची आहे. ती 'टाळा' म्हणून तोडून टाकली तर तो माणूस वर चढणार कुठून?

उलटी बाजू

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग ठरलं, अकर्मक टाळा! नाही. तीही घाई नको.

एकोणीस वर्षांची मुलगी आपल्या पसंतीच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर निघून जाते. ती म्हणते, "मी गेले." गाव म्हणतं, "पळून गेली." आणि बाप पोलीस स्टेशनात लिहून देतो, "पळवून नेली." इथे बघा, पळणं अकर्मक आहे आणि तेच खरं आहे. कर्ती ती आहे. पळवणं हे सकर्मक आहे, त्यात कर्ता आणून बसवलाय, आणि तो खोटा आहे. बापाने क्रियापदाला एक 'व' चिकटवला आणि सज्ञान मुलीचं चालतं-बोलतं कर्तेपण काढून तिची वस्तू केली. पळवतात ती वस्तू.

उठणं, निघणं, चालणं, बोलणं, हसणं, परतणं, जगणं. बाईच्या स्वतःच्या हिमतीची कितीतरी क्रियापदं अकर्मक आहेत. 'मी घरातून निघाले' यात दुसरा कर्ता शोधायला जाल तर तिच्या हातून तिचं निघणं काढून घ्याल.

म्हणून मी 'हे टाळा, ते वापरा' असा फतवा काढत नाही. फतवे आपण पुष्कळ सोसले. माझं म्हणणं ओळखा असं आहे. बाई मेली असेल तर विचारा, ती मेली की मारली? बाई गेली असेल तर विचारा, ती गेली की नेली? उत्तर दर वेळी एकच येणार नाही. उत्तर आधी ठरवून टाकलं की आपणही त्या पंचनामा लिहिणाऱ्यासारख्याच होऊ, फक्त आपला काना दुसऱ्या अक्षरावर असेल.

तर काय करू या

मैत्रिणींनो, चार साध्या गोष्टी सुचवते.

एक : आपल्या केंद्रात बाईचं बोलणं लिहून घेताना तिचं क्रियापद बदलू नका. ती 'ढकललं' म्हणाली तर 'ढकललं'. 'पडले' म्हणाली तर 'पडले'च लिहा, आणि मग हळूच विचारा, "कशी पडलीस गं?" ती भीतीने 'पडले' म्हणत असेल तर उत्तर बदलेल. खरंच पडली असेल तर तेही कळेल.

दोन : लिहून झालं की तिला वाचून दाखवा. भाषांतर केलं असेल तर ते पुन्हा मराठीत आणून, इंग्रजी न येणाऱ्या बाईसमोर वाचा. आमच्या मावशींसारखा तपासनीस दुसरा नाही.

तीन : पेपरात 'जळाली, पडली, बुडाली, झाला' दिसलं की कात्रण कापून ठेवा. महिन्याचे शब्द मोजा आणि संपादकांकडे घेऊन जा. भांडायला नको. तटस्थ तीन वाक्यं कशी लिहावीत ते दाखवायला जा.

चार : शिबिराचा तो कागद पुन्हा छापा. 'पॅसिव्ह टाळा' खोडा. त्या जागी लिहा : 'कोणी, हा प्रश्न विचारा. प्रश्न बसत नसेल तर क्रियापद तपासा.' छपाईचा खर्च मी देते.

माझ्या वर्गातल्या मुलींपैकी कितीतरी आज याच जिल्ह्यात सुना आहेत, सासवाही झाल्या असतील. 'चेंज द व्हॉइस' करताना त्यांनी वहीच्या समासात आखलेल्या रेघा मला आठवतात. कर्ता इकडून तिकडे, कर्म तिकडून इकडे. तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगायला विसरले, ती आता सांगते. पोरींनो, व्हॉइस बदलायच्या आधी वाक्यात करणारा होता का ते बघा. नसेल तर तो गेला कुठे, ते विचारा. मार्कांसाठी नव्हे गं. कधीतरी त्या वाक्यात तुमचं किंवा तुमच्या लेकीचं नाव असेल.